खेळाडूची विश्रांती आणि संघाचा विजय

गेल्या रविवारी सकाळी दवाखान्यात एक गृहस्थ आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा शाळेच्या फुटबॉल संघात उजव्या कडेने पळणारा, गावात नाव असलेला. तक्रार मात्र मुलाची नव्हती, वडिलांची होती. आंतरशालेय स्पर्धेत शुक्रवार-शनिवार मिळून तीन सामने झाले. तिन्ही सामन्यांत मुलगा पूर्ण वेळ खेळला, दोन गोलही केले. आणि सोमवारच्या उपांत्य सामन्यात क्रीडाशिक्षकांनी त्याला बाकावर बसवायचे ठरवले होते. "डॉक्टर, पोरगं ठणठणीत आहे असं एका कागदावर लिहून द्या. चांगलं खेळणाऱ्याला बाहेर बसवतात म्हणजे काय? टीव्हीवर आम्ही बघतो ना, मोठे खेळाडू आठवड्याला दोन-दोन सामने खेळतात. त्यांना काय होतं?"

मी मुलाला पालथे झोपवले, गुडघा वाकवायला सांगितला आणि टाच हाताने धरून थोडा विरोध केला. डावा पाय त्याने सहज वाकवला. उजव्या पायाच्या वेळी ओठ आवळले. दुखते का, असे विचारले तर "नाही" म्हणाला. वडील शेजारीच उभे होते.

चिठ्ठीचे पुढे सांगतो. पण वडिलांचा प्रश्न रास्त होता. ते मोठे खेळाडू खरोखरच आठवड्याला दोन सामने खेळतात. त्यांना काय होते, हे गेल्या पंचवीस वर्षांत युरोपातील डॉक्टरांनी बारकाईने मोजले आहे.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. नव्वद मिनिटांच्या सामन्यात मैदानावरचा खेळाडू दहा ते बारा किलोमीटर पळतो. पण हे पळणे एका लयीतले नसते. चालणे, धावणे, एकदम सुसाट सुटणे, तितकेच एकदम थांबणे, वळणे, उडी मारणे असा सगळा प्रकार असतो. यासाठी लागणारे इंधन म्हणजे स्नायूंमध्ये साठवलेली साखर. तिला ग्लायकोजेन म्हणतात. सामना संपेपर्यंत ही कोठी बरीचशी रिकामी होते. पोटभर भात-भाकरी खाल्ली तरी ती पुन्हा भरायला दोन ते तीन दिवस लागतात. दुसरी गोष्ट, वेगात असताना पाय आवरताना मांडीच्या मागच्या स्नायूवर फार मोठा ताण येतो आणि त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होतात. सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे दुखते ते हेच. ही डागडुजी व्हायलाही साधारण ७२ तास लागतात, कधी त्याहून जास्त. आपल्याकडे याला 'शीर ताणली' म्हणतात. पण ताणली जाते ती शीर नव्हे, स्नायू. शीर चोळून जागेवर बसवणाऱ्यांकडे अशा पायाने जाऊ नये, एवढे सांगून पुढे जातो.

आता मुख्य मुद्दा. आपण समजतो की दमलेला खेळाडू ओळखू येतो. तो कमी पळेल, मागे पडेल, मग त्याला बाहेर काढता येईल. प्रत्यक्षात तसे होत नाही. युरोपात चॅम्पियन्स लीग खेळणाऱ्या एका संघाच्या खेळाडूंचा दोन मोसम अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकच सामना खेळला तेव्हा आणि दोन खेळले तेव्हा, अशी तुलना केली. किती अंतर पळाला, किती वेगाने पळाला, यात फारसा फरक आढळला नाही. पण दुखापती? आठवड्याला एक सामना असताना दर हजार तासांच्या खेळामागे ४.१ दुखापती, आणि दोन सामने असताना २५.६. म्हणजे सहापट! खेळाडू पळत होता, प्रेक्षकांना तो ताजातवाना दिसत होता, आणि स्नायू आतून उसवत होता.

एकाच संघाचा आकडा म्हणून कोणी शंका घेईल, आणि ती घ्यावीच. पुढे अनेक संघांवर, अकरा वर्षांच्या नोंदींवरून पाहणी झाली तेव्हा फरक सहापटीचा निघाला नाही, बराच कमी निघाला. पण दिशा तीच होती. दोन सामन्यांत चार दिवस किंवा त्याहून कमी अंतर असले की स्नायूंच्या दुखापती वाढतात. गंमत म्हणजे संघांच्या जय-पराजयात या पाहणीत फारसा फरक दिसला नाही. धावफलक पाहून प्रशिक्षकाला धोका कळत नाही, तो असा.

बिल मात्र येते, ते नंतर. २००२ च्या विश्वचषकाचे उदाहरण घ्या. फ्रान्स गतविजेता. त्यांचा झिनेदिन झिदान १५ मे रोजी ग्लासगोला रेआल माद्रिदकडून चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळला, २६ मे रोजी दक्षिण कोरियाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याची मांडी दुखावली. पहिले दोन सामने तो बाहेर, तिसऱ्यात मांडीला पट्टी बांधून उतरला. फ्रान्सने तीन सामन्यांत एकही गोल केला नाही आणि पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला. एका खेळाडूच्या दुखापतीचे खापर एका वेळापत्रकावर फोडणे शास्त्राला धरून नाही, हे मान्य. पण त्याच स्पर्धेतील युरोपीय क्लबांच्या ६५ खेळाडूंचा हिशेब नंतर मांडला गेला. अपेक्षेपेक्षा खराब खेळलेल्यांनी स्पर्धेआधीच्या दहा आठवड्यांत सरासरी साडेबारा सामने खेळले होते, आणि अपेक्षेपेक्षा चांगले खेळलेल्यांनी नऊ. फरक साडेतीन सामन्यांचा.

अलीकडचे उदाहरण स्पेनच्या पेद्रीचे. वय १८. २०२०-२१ च्या मोसमात बार्सिलोना, मग युरो स्पर्धा, मग लगेच टोकियो ऑलिंपिक, असे सगळे मिळून हा मुलगा ७३ सामने खेळला. ऑलिंपिकचा अंतिम सामना ७ ऑगस्ट २०२१ ला झाला. पुढच्या मोसमात मांडीच्या दुखण्याने तो महिनोन्‌महिने बाहेर बसला. त्या वयाच्या मुलाला कोणीतरी दहा-पंधरा सामने आधीच बाहेर बसवायला हवे होते, असे माझे मत आहे.

यावर उपाय म्हणून मोठ्या संघांनी जी पद्धत धरली, तिला 'रोटेशन' म्हणतात. पंचवीस-सव्वीस जणांचा संघ बाळगायचा आणि अकरा जण आलटूनपालटून उतरवायचे. पूर्वी ही चैन नव्हती. इंग्लंडच्या लीगमध्ये १९६५ पर्यंत बदली खेळाडूच चालत नसे. पाय मोडला तरी लंगडत कडेला उभे राहायचे. १९५६ च्या एफए कप अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन मानेचे हाड मोडलेले असताना शेवटपर्यंत खेळला. हाड मोडल्याचे काही दिवसांनी क्ष-किरण तपासणीत कळले. लोक त्याचे कौतुक करतात. डॉक्टर म्हणून माझ्या अंगावर काटा येतो. आज पाच बदली खेळाडू उतरवता येतात. २०२० साली करोनामुळे गच्च झालेल्या वेळापत्रकासाठी ही सवलत तात्पुरती दिली होती, २०२२ मध्ये नियमात कायमची आली.

मग आलटूनपालटून खेळवल्याने संघ जिंकतो का? याचे सरळ 'हो' असे उत्तर देता येत नाही. ॲस्टन व्हिलाने १९८०-८१ ची इंग्लिश लीग ४२ सामन्यांत अवघे १४ खेळाडू वापरून जिंकली. लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये सगळ्यांना चकित करून विजेतेपद मिळवले, तेव्हाही तोच तोच संघ उतरत होता. आणि प्रशिक्षक कोण, तर क्लाउदिओ रानिएरी, ज्यांची चेल्सीत असताना सतत संघ बदलतात म्हणून टिंगल व्हायची! रोज नवे अकरा उतरवले तर कोण कोणाला चेंडू देणार, कोण मागे सरकणार, याचा मेळ बसत नाही. पाठीमागच्या फळीत तर हा मेळ म्हणजे अर्धा खेळ. वाचकांपैकी ज्यांचा रोटेशनला विरोध आहे, ते अगदीच चुकीचे नाहीत.

पण लेस्टरचे वेळापत्रक पाहा. त्या वर्षी ते युरोपच्या कोणत्याच स्पर्धेत नव्हते आणि देशातल्या दोन्ही कप स्पर्धांतून लवकर बाहेर पडले होते. बहुतेक वेळा आठवड्याला एकच सामना. सहा-सात दिवसांची विश्रांती त्यांना वेळापत्रकानेच दिली, प्रशिक्षकाला द्यावी लागली नाही. आणि व्हिलाचा काळ वेगळा होता. खेळाचा वेग किती वाढत चालला आहे पाहा: इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २००६-०७ ते २०१२-१३ या काळात खेळाडूचे एकूण पळणे जवळपास तेवढेच राहिले, पण जोराने पळण्याचे अंतर सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. स्नायू फाटतो तो अशाच सुसाट पळण्यात.

याउलट १९९८-९९ चा मँचेस्टर युनायटेड. लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग या तिन्ही जिंकल्या त्या मोसमात त्यांना सगळ्या स्पर्धा मिळून ६३ सामने खेळावे लागले. ॲलेक्स फर्ग्युसन यांच्याकडे चार आघाडीवीर होते: कोल, यॉर्क, शेरिंगहॅम, सोल्स्कयार. पहिले दोघे जास्त खेळत, पुढचे दोघे पुष्कळदा बाकावर. २६ मे १९९९ ला बार्सिलोनात बायर्न म्युनिकविरुद्ध नव्वद मिनिटे संपली तेव्हा युनायटेड एक गोलने मागे होते. वाढीव वेळेत दोन गोल झाले. पहिला शेरिंगहॅमचा, दुसरा सोल्स्कयारचा. दोघेही बदली म्हणून उतरलेले. २००६ चा विश्वचषक जिंकलेल्या इटलीनेही २३ पैकी २१ खेळाडू वापरले, फक्त दोन राखीव गोलरक्षक उतरले नाहीत. गोल करणारे दहा वेगवेगळे होते.

तेव्हा प्रश्न 'बदलावे की न बदलावे' असा नसून 'मागच्या सामन्याला किती तास झाले' असा आहे. युरोपातील अकरा वर्षांच्या नोंदींत आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या मोसमात संघाचे खेळाडू कमी जायबंदी झाले, त्या मोसमात तो संघ लीगच्या तक्त्यात वर राहिला. पहिल्या पसंतीचे खेळाडू उपलब्ध असणे हीच मोठी ताकद आहे, आणि ती अधूनमधून त्यांना बसवूनच टिकते. बसवायचे कोणाला, यालाही तारतम्य हवे. गोलरक्षकाला फारशी गरज नसते. सर्वांत जास्त गरज कडेने पळणाऱ्यांना आणि आघाडीच्या खेळाडूंना, कारण त्यांच्या वाट्याला सुसाट धावा जास्त. एकदम सहा-सात बदल करण्यापेक्षा दोन-तीन केले तर मेळही राहतो.

आपल्याकडच्या स्पर्धांचे काय? कोल्हापूरसारख्या शहरात, जिथे तालमींचे संघ आणि त्यांचे पाठीराखे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तिथे फुटबॉलची जाण आहे. पण शालेय स्पर्धा बहुतेक ठिकाणी दोन-तीन दिवसांत उरकतात, एका दिवशी दोन सामनेही होतात. सामन्याचा वेळ कमी असला तरी विश्रांती युरोपातल्या खेळाडूंहून कमी मिळते, शिवाय मैदान टणक आणि ऊन कडक. वाढीच्या वयातली हाडे-स्नायू, मुलींच्या बाबतीत पुष्कळदा कमी असलेले रक्त, हेही ध्यानात घ्यावे. पंधरा-सोळा जणांचा संघ नेऊन अकराच जण खेळवणे म्हणजे बाकीच्यांचा प्रवासखर्च वाया घालवणे होय.

पालक-शिक्षकांनी एवढे करावे. सामना संपल्यावर तासाभरात मुलाच्या पोटात काही जाऊ द्यावे. केळी, पोहे, गूळ-शेंगदाणे, मग वरण-भात. साखर-मीठ घातलेले पाणी भरपूर. रात्री आठ-नऊ तास झोप, स्पर्धेच्या गावी गप्पा मारत जागू देऊ नये. मांडीत चमक मारली तर त्याच क्षणी बाहेर. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. पहिले दोन दिवस शेक नको, मालीश नको. वेदनाशामक गोळी देऊन मैदानात पाठवणे हा तर गुन्हाच समजावा, कारण दुखणे हीच एक घंटा शरीराकडे असते. हीच दुखापत पुन्हा होण्याचे प्रमाण बरेच असते, म्हणून पूर्ण वेगाने पळताना जराही दुखत नाही तोवर खेळू नये.

एक व्यायाम जरूर करावा. गुडघ्यांवर उभे राहायचे, सोबत्याने मागून घोटे घट्ट धरायचे आणि पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचे, पडणार असे वाटले की हात टेकायचे. सुरुवातीला आठवड्यातून एकदा पाच वेळा, मग हळूहळू वाढवावे. पैसा लागत नाही. नियमाने केल्यास मांडीमागच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे.

त्या मुलाच्या वडिलांना मी चिठ्ठी दिली. तिच्यावर लिहिले, 'उजव्या मांडीमागचा स्नायू ताणलेला आहे. सोमवारी खेळवू नये. दहा दिवसांनी पुन्हा तपासणी.' त्यांनी ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि तपासणीचे पैसे किती, असे विचारले. मुलगा जाताना दारात थांबून म्हणाला, "सर, शुक्रवारपासूनच दुखत होतं." सोमवारचा निकाल मला कळलेला नाही. पुढच्या बुधवारी तो यायचा आहे.