दहा सेकंदांची ताकद, तासाभराचा दम

२०२४ च्या जुलै महिन्यात आमच्या घरी रोज संध्याकाळी एक वाद रंगत असे. दूरचित्रवाणीवर ‘टूर द फ्रान्स’ ही तीन आठवड्यांची सायकल शर्यत चाललेली असे. समोर आरामखुर्चीत माझे ७८ वर्षांचे वडील बसलेले असत आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर माझा १७ वर्षांचा मुलगा. वादाचा विषय ठरलेला होता. तरुण सायकलपटूंमध्ये श्रेष्ठ कोण? शेवटच्या क्षणी वाऱ्यासारखा सुटणारा स्प्रिंटर, की घड्याळाशी एकट्याने झुंजणारा टाइम ट्रायलचा खेळाडू?

मुलगा स्प्रिंटरच्या बाजूने बोलायचा. “आजोबा, चार तास सगळे बरोबर सायकल चालवतात, पण निकाल शेवटच्या दहा सेकंदांत लागतो. त्या दहा सेकंदांत जो पुढे जातो, तोच खरा!” वडील हसून म्हणायचे, “अरे, दुसऱ्यांच्या आडोशाने यायचं आणि शेवटी उडी मारायची, यात कसलं शौर्य? एकट्याने वारा अंगावर घेऊन तासभर जो दमत नाही, त्याला मी मानतो.” मग रात्रीच्या जेवणाची हाक आली, की वडील खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन सावकाश उठत.

निर्णय द्यायला दोघेही मला बोलावत. डॉक्टर म्हणून मी काहीतरी गुळमुळीत सांगून सुटका करून घेत असे. त्या वादात माझ्या वडिलांच्याच प्रकृतीचे निदान दडलेले होते, हे मला फार उशिरा कळले.

दोन खेळाडू, दोन प्रकारचे स्नायू

वरवर पाहता दोघेही सायकलच चालवतात. पण त्यांच्या शरीराचे काम अगदी निराळे असते. स्प्रिंटर अंतिम रेषेजवळ येईपर्यंत सहकाऱ्यांच्या मागे राहतो. पुढचा माणूस वारा कापत असल्याने मागच्याचे श्रम बरेच वाचतात. शेवटचे साधारण दोनशे मीटर मात्र त्याचे एकट्याचे असतात. ताशी ६५ ते ७० किलोमीटर वेगाने ते अंतर दहा-बारा सेकंदांत संपते. एवढ्या अवधीत श्वासातून घेतलेला प्राणवायू स्नायूंपर्यंत पोहोचून कामी येण्याची वाट पाहायला सवड नसते. स्नायूंत आधीच साठवलेली ऊर्जा एकदम खर्च होते. हे काम स्नायूंतील ‘जलद तंतू’ करतात. ते जाड आणि जोरकस असतात. पण लवकर थकतात.

टाइम ट्रायलमध्ये खेळाडू ठरावीक अंतराने एकेक सुटतात. पुढे कोणाचा आडोसा नाही, बाजूला कोणी प्रतिस्पर्धी नाही. याच जुलैच्या अखेरीस पॅरिस ऑलिंपिकमध्ये बेल्जियमच्या २४ वर्षांच्या रेम्को एवेनपूलने ३२.४ किलोमीटरचे अंतर ३६ मिनिटे १२ सेकंदांत कापून सुवर्णपदक मिळवले, तेही पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावरून. सरासरी वेग पडला ताशी ५३ किलोमीटरहून अधिक. इथे राज्य असते ‘मंद तंतूं’चे. हे तंतू प्राणवायू सतत वापरत राहतात आणि सहजी थकत नाहीत. त्यांच्या जोडीला लागतो तो संयम. सुरुवातीलाच सारी ताकद ओतणारा खेळाडू शेवटी हमखास मागे पडतो.

आपल्या प्रत्येकाच्या मांडीत, पोटरीत हे दोन्ही प्रकारचे तंतू असतात. सकाळी तासभर फिरायला जाताना आपण टाइम ट्रायलचे खेळाडू असतो. खुर्चीतून उठताना, बसची पायरी चढताना आणि विशेषतः ठेच लागल्यावर चटकन दुसरा पाय पुढे टाकून तोल सावरताना आपण स्प्रिंटर असतो. तोल सावरायला तर दहा सेकंदही मिळत नाहीत. जे काही करायचे ते एका सेकंदाच्या आत.

वय कोणाला आधी गाठते?

झटक्यात लावण्याची ताकद साधारणपणे विशीत शिखरावर असते. दम मात्र सरावाने पुढेही वाढवता येतो आणि दीर्घकाळ टिकवता येतो. अमेरिकेच्या क्रिस्टिन आर्मस्ट्राँगने २००८, २०१२ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके टाइम ट्रायलमध्येच जिंकली. त्यांतील तिसरे तिने आपल्या ४३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पटकावले.

त्याहून विलक्षण उदाहरण फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांचे. शंभरीत पोहोचल्यावर २०१२ मध्ये त्यांनी एका तासात २४ किलोमीटरहून थोडे अधिक अंतर सायकलने कापले. दोन वर्षांनी, १०२ व्या वर्षी, तेच अंतर जवळजवळ २७ किलोमीटरपर्यंत गेले. संशोधकांनी त्यांची तपासणी केली, तेव्हा वयाच्या १०१ ते १०३ या काळात नियोजित सरावाने त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. शंभरीनंतरही शरीर शिकते, हे त्यांनी दाखवून दिले. २०२१ मध्ये, १०९ व्या वर्षी ते निवर्तले.

आता मुलाची बाजूही ऐकायला हवी. त्याच वर्षी टूरच्या पाचव्या टप्प्यात ब्रिटनच्या मार्क कॅव्हेंडिशने ३९ व्या वर्षी स्प्रिंट जिंकली. तो त्याचा टूरमधला ३५ वा टप्पाविजय होता. एडी मर्क्सचा ३४ विजयांचा विक्रम त्यामुळे मागे पडला. कॅव्हेंडिशने २३ व्या वर्षी टूरमध्ये पहिला विजय मिळवला होता. म्हणजे स्प्रिंटरची ताकदही जपता येते. पण ती मुद्दाम, तिचाच सराव करून जपावी लागते. वैद्यकशास्त्राचे म्हणणे नेमके हेच आहे. वाढत्या वयात जलद तंतू अधिक वेगाने बारीक होतात. त्यांना चालना देणाऱ्या मज्जापेशीही कमी होत जातात. त्यामुळे एखादे वजन उचलण्याचे बळ घटण्याआधीच ते झटपट उचलण्याची शक्ती घटू लागते. दम टिकून असतो, म्हणून माणसाला वाटते, आपण ठणठणीत आहोत.

माझी चूक

माझे वडील असेच ठणठणीत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे तासभर फेरी. रक्तदाब आटोक्यात, साखर नाही. माझ्या दवाखान्यातील कितीतरी रुग्णांना मी त्यांचा दाखला देत असे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी, स्वयंपाकघरातून बाहेर येताना त्यांचा पाय उंबरठ्याला अडखळला. पुढे टाकायचा पाय वेळेवर पुढे आलाच नाही. ते कुशीवर पडले आणि खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली.

रुग्णालयाच्या बाकावर बसलो असताना मला ती आरामखुर्ची आठवली. दोन्ही हात टेकवून, एकदा मागे झोका घेऊन, मग पुढे कलून उठणारे वडील. हे दृश्य महिनाभर रोज माझ्या डोळ्यांसमोर होते. दुसऱ्या कोणी ते दवाखान्यात सांगितले असते, तर मी लगेच मांडीच्या स्नायूंची तपासणी केली असती. घरात मात्र मी ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले. त्यांचा दम मी रोज मोजत होतो. त्यांच्यातला स्प्रिंटर केव्हाच थकला होता, हे मी पाहिले नाही.

मुलगा तेव्हा मोबाइलवर एवेनपूलविषयी वाचत होता. २०२० मध्ये, २० व्या वर्षी, इटलीतल्या एका शर्यतीत उतारावर हा खेळाडू पुलाच्या कठड्यावरून खाली कोसळला होता आणि त्याच्या कटीचे हाड मोडले होते. पुढच्याच वर्षी तो मोठ्या शर्यतीत परतला. “बाबा, आजोबाही परततील ना?” त्याने विचारले. विशीतले हाड आणि ऐंशीच्या घरातले हाड यांत फरक असतो, हे मला ठाऊक होते. वृद्धापकाळी खुब्याचे हाड मोडल्यावर अनेकांना पूर्वीसारखे स्वावलंबी होता येत नाही. तरी मी “हो” म्हणालो. आणि त्या “हो”साठी काय करावे लागेल, ते मनात जुळवू लागलो.

घरच्या घरी एक चाचणी

वाचकहो, माझ्या हातून राहून गेले ते आपण आजच करावे. हात नसलेली, भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी करून पाच वेळा उठा आणि बसा. शेजारी घरातले कोणीतरी उभे असू द्या आणि त्यांनी घड्याळ पाहावे. स्नायूंच्या क्षयाचा अभ्यास करणारे आशियाई तज्ज्ञ १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ हा इशारा मानतात. युरोपीय तज्ज्ञांची मर्यादा १५ सेकंदांची आहे. हाताशिवाय उठताच येत नसेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. गुडघेदुखी, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, काही औषधे अशी कारणेही त्यामागे असू शकतात.

स्प्रिंटरचा सराव

जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांपुढील व्यक्तींना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. त्याखेरीज दोन दिवस स्नायूंच्या बळासाठी आणि तीन दिवस तोल व कार्यक्षमतेसाठी व्यायाम करावा, असेही सांगितले आहे. आपल्याकडे पहिला भाग मनोभावे पाळला जातो. फिरायला जाणारी मंडळी पुष्कळ. उरलेले दोन भाग मात्र सुटतात. त्यासाठी पुढील व्यायाम पुरेसे आहेत.

• खुर्चीतून उठताना शक्य तितक्या झटपट उठा. बसताना मनात तीनपर्यंत मोजत सावकाश बसा. आठ ते दहा वेळा. थोडी विश्रांती घेऊन पुन्हा तितकेच. सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल.

• स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा चटकन उचला, हळूहळू टेकवा. दहा वेळा.

• ओट्याला बोटे टेकवून एका पायावर दहा सेकंद उभे राहा. मग दुसऱ्या पायावर.

उठण्याचा आणि टाचांचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावा. जोर लावताना श्वास रोखू नये, उठताना सोडावा. छातीत दुखणे, चक्कर, नुकताच होऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, आटोक्यात नसलेला रक्तदाब, ठिसूळ झालेली हाडे किंवा अलीकडची शस्त्रक्रिया असल्यास आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आहारात डाळी, दूध, दही, चालत असल्यास अंडी यांतून प्रथिने मिळू द्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी त्याचे प्रमाण विचारून घ्यावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

कॅव्हेंडिशच्या विजयाला एक पूर्वपीठिका आहे. त्याच टूरच्या पहिल्या दिवशी इटलीतल्या उन्हात आणि चढावर त्याला उलट्या झाल्या. तो मुख्य घोळक्यापासून फार मागे पडला. त्याच्या संघातील काही सहकारी स्वतःची शर्यत सोडून त्याच्याबरोबर राहिले आणि वेळेच्या मर्यादेत त्याला मुक्कामी घेऊन आले. पाचव्या दिवसाचा विक्रम त्यामुळेच शक्य झाला. मात्र शेवटचे पायडल त्याने स्वतःच मारले. घरातल्या वृद्धाला खुर्चीतून ओढून उभे करण्याऐवजी शेजारी उभे राहून “आता उठा” म्हणणे, हीही शुश्रूषाच आहे. आपण सारेच उचलून दिले, तर त्यांचे जलद तंतू आणखी लवकर झडतात.

आणि स्वतःसाठी वडिलांच्या आवडत्या टाइम ट्रायलचा नियम लक्षात ठेवावा. शुश्रूषेची शर्यत लांब असते. पहिल्याच महिन्यात रात्रंदिवस जागून स्वतःला झिजवू नये. पाळ्या वाटून घ्याव्यात, झोप जपावी.

वडील आधी वॉकर, मग काठी, अशा टप्प्यांनी पुन्हा चालू लागले. हाताशिवाय पहिल्यांदा उठायला त्यांना चार महिने लागले. आता पाच वेळा उठायला त्यांना १४ सेकंद लागतात. उंबरठा आम्ही रंगवून ठळक केला आहे. तो ओलांडताना ते आजही क्षणभर थांबतात. व्यायामाच्या वेळी नातू समोर घड्याळ धरून बसतो आणि शेवटच्या खेपेला ओरडतो, “आजोबा, शेवटचे दोनशे मीटर!” वडील उठून उभे राहतात, धाप जिरली की म्हणतात, “तरीही माझं मत टाइम ट्रायललाच.”