विश्लेषण : संगणक तोच, सॉफ्टवेअर तेच, मग दोघांना हिशेब वेगळा का दिसतो?

दुकानातल्या संगणकावर वडिलांनी बिलिंगचे जुने सॉफ्टवेअर उघडले की उधारीचा एक आकडा दिसतो. मुलाने स्वतःच्या लॉगिनने उघडले की दुसराच. मग व्हायरसवर संशय जातो, कधी नोकरावरही. प्रत्यक्षात गडबड सॉफ्टवेअर बसवतानाच झालेली असू शकते. रोज बदलणारी हिशेबाची फाइल नको त्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते.

नको ते फोल्डर कोणते?

विंडोजमध्ये सॉफ्टवेअर साधारणपणे ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसते. विंडोज एक्सपीच्या काळात घरी-दुकानात बहुतेक जण अॅडमिनिस्ट्रेटर खात्यानेच काम करत. त्यामुळे अनेक सॉफ्टवेअर आपला डेटाही तिथेच लिहीत आणि ते खपून जाई. २००७मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि अॅडमिनिस्ट्रेटरच्या परवानगीशिवाय तिथे लिहिणे बंद झाले. जुनी सॉफ्टवेअर अडून बसू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने एक पळवाट ठेवली. सॉफ्टवेअरला वाटते की फाइल ‘प्रोग्राम फाइल्स’मध्येच लिहिली, विंडोज मात्र ती गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘अॅपडेटा’तील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरमध्ये ठेवते. लॉगिन दोन, तर प्रती दोन. जुन्या ३२ बिट सॉफ्टवेअरसाठी ही सोय आजही विंडोजमध्ये आहे.

बॅकअप घेतला तरी धोका कसा?

खरे नुकसान इथे होते. दुकानदार दर शनिवारी ‘प्रोग्राम फाइल्स’मधले फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतो. पण तिथली फाइल बसवल्या दिवशीची, जवळपास कोरी असते. संगणक फॉरमॅट केल्यावरच हे कळते. सॉफ्टवेअर ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडले तरी तीच जुनी फाइल समोर येते आणि सगळा हिशेब उडाल्यासारखे वाटते. तो उडालेला नसतो. फॉरमॅट करण्यापूर्वी प्रत्येक लॉगिनचे ‘व्हर्च्युअलस्टोअर’ तपासावे. ‘अॅपडेटा’ लपलेले असते, त्यामुळे आधी ‘हिडन आयटम्स’ दाखवण्याचा पर्याय सुरू करावा लागतो.

मग डेटा कुठे ठेवायचा?

एकट्याचा असेल तर त्याच्या ‘अॅपडेटा’ किंवा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये, सर्वांचा सामायिक असेल तर ‘प्रोग्रामडेटा’मध्ये, आणि तिथे लिहिण्याची परवानगी इन्स्टॉलरनेच द्यायची. इन्स्टॉलरने सोबत फक्त कोरा नमुना द्यावा. सॉफ्टवेअर पहिल्यांदा सुरू होताना त्याची प्रत काढेल. नवी आवृत्ती बसवताना नमुना खुशाल बदला, प्रतीला हात लावायचा नाही. लिनक्समध्ये ही शिस्त जुनी आहे. डेबियनमध्ये तुम्ही बदललेल्या सेटिंग फाइलची नवी आवृत्ती आली, तर कोणती ठेवायची हे तुम्हालाच विचारले जाते. सॉफ्टवेअर नुसते ‘रिमूव्ह’ केले तर सेटिंग राहतात, ‘पर्ज’ केले तरच जातात.

मोबाइलवर काय होते?

अँड्रॉइड प्रत्येक अॅपला स्वतंत्र खासगी जागा देते. अपडेट केल्यावर तिथला डेटा टिकतो, अनइन्स्टॉल केल्यावर सहसा पुसला जातो. ‘क्लिअर कॅश’ निरुपद्रवी. ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ मात्र हिशेबाच्या अॅपवर दाबू नये. अॅप काढण्यापूर्वी त्यातलाच ‘एक्सपोर्ट’ किंवा ‘बॅकअप’ पर्याय वापरून फाइल बाहेर घ्यावी. आयफोनवर जागा हवी असेल तर ‘डिलीट’ऐवजी ‘ऑफलोड’ निवडता येते: अॅप जाते, डेटा राहतो.