पॉलिश मारलंत? झाले लाखाचे बारा हजार!

लिलावात भल्याभल्यांना मागे टाकून सगळ्यात जास्त भाव खाऊन गेलेली बंदूक कुठली, माहीत आहे का? हिरे-माणकं नाहीत, सोन्याची मूठ नाही. साधं लोखंडी कोल्ट रिव्हॉल्व्हर! 14 जुलै 1881 च्या रात्री न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट सम्नरमध्ये शेरीफ पॅट गॅरेटने ह्याच रिव्हॉल्व्हरने कुख्यात गुन्हेगार ‘बिली द किड’चा खेळ खल्लास केला. ऑगस्ट 2021 मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात ते गेलं 60 लाख 30 हजार डॉलरला. म्हणजे तेव्हाचे जवळपास 44 कोटी रुपये. वर्ल्ड रेकॉर्ड!

पण हे रिव्हॉल्व्हर ‘तेच’, हे कशावरून? कागदांवरून! गॅरेटने ते एल पासोतल्या एका बारमालकाकडे दिलं होतं. गॅरेट 1908 मध्ये गेला आणि ते परत मिळवायला त्याच्या बायकोला, अपोलिनारियाला, कोर्टात जावं लागलं. 1934 मध्ये ती जिंकली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ही पायरी चढल्यामुळेच ह्या रिव्हॉल्व्हरची जन्मकुंडली पक्की झाली.

आणि कोल्टचं कलकत्ता कनेक्शन? 1830 मध्ये ह्या रिव्हॉल्व्हरचा जनक, तेव्हा सोळा वर्षांचा सॅम्युअल कोल्ट, ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याला निघाला. जहाजाचं चाक फिरून ठरल्या जागी अडकतं हे बघून त्याच्याही डोक्यात चक्र फिरलं, अशी कथा सांगतात. त्याने कोरलेलं रिव्हॉल्व्हरचं लाकडी मॉडेल आजही हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम म्युझियममध्ये आहे.

पुढे प्रयोगांसाठी पैसे हवे होते. पठ्ठ्याने काय करावं? ‘न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचे सुप्रसिद्ध डॉक्टर’ बनून गावोगाव लाफिंग गॅसचे शो लावले! पब्लिक हसलं, गल्ला भरला आणि 25 फेब्रुवारी 1836 ला अमेरिकन पेटंट खिशात.

आता मुद्द्याचं. जुनं रिव्हॉल्व्हर समोर आलं तर ओळखायचं कसं? आधी ते रिकामं आहे ना, हे जाणकाराकडून बघून घ्यायचं. मग मोर्चा नंबरांकडे. 1873 चं कोल्ट ‘सिंगल ॲक्शन आर्मी’, म्हणजेच फेमस ‘पीसमेकर’, घ्या. ह्याचा सीरियल नंबर सांगाड्यावर, चापाच्या कडीवर आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर असा तीन ठिकाणी ठोकलेला असतो. तिन्ही जुळले की संग्राहक खूश!

थांबा, थांबा! न जुळणारे नंबरही कधीकधी अस्सलपणाचा पुरावा असतात, माहीत आहे का? अमेरिकन घोडदळाची रिव्हॉल्व्हरं साडेसात इंची नळीची. 1890 च्या दशकात सरकारने ती परत मागवली आणि नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या. त्या गडबडीत बहुतेकांचे सुटे भाग एकमेकांत मिसळले. ह्यांना म्हणतात ‘आर्टिलरी मॉडेल’. त्यामुळे असं एखादं तुकडान् तुकडा जुळणारं दिसलं, तर जाणकार आनंदाने उडी मारत नाही. आधी भिंग काढतो.

भिंगातून काय बघतात? अक्षरं! कारखान्यात छाप ठोकला की धातू किंचित दबतो आणि अक्षराची कड हलकीशी वर येते. कुणी मशीनवर पॉलिश मारलं की ती कड जाते, अक्षरं उथळ होतात, स्क्रूच्या भोवतीचा भाग बशीसारखा खोलगट दिसतो. मग स्क्रू बघायचे. खाच सरळ, कोपरे धारदार असतील तर बहुधा कुणी आडदांड आत शिरलेला नाही. चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घालून खाच फाटली असेल, तर आतल्या स्प्रिंगांचंही काही खरं नाही. मला विचाराल तर अख्ख्या रिव्हॉल्व्हरमध्ये सगळ्यात बोलके असतात ते हे इवलेसे स्क्रू.

नोटांचा डिझायनर आणि रिव्हॉल्व्हर, जोडी जमते का? जमते ना! 1851 च्या ‘कोल्ट नेव्ही’च्या सिलिंडरवर चक्क एक सागरी लढाई कोरलेली असते. कारागीर होता वॉटरमन ऑर्म्सबी, बँकनोटांचं एन्ग्रेव्हिंग करणारा. 16 मे 1843 ही लढाईची तारीखसुद्धा तिथे आहे. जहाजांच्या शिडांच्या दोऱ्या किती शिल्लक आहेत, त्यावर आज किंमत ठरते. जितक्या दोऱ्या, तितके डॉलर!

हेवीवेट चॅम्पियन? 1847 चं ‘कोल्ट वॉकर’. वजन दोन किलोच्या वर! बनली साधारण 1100. ज्याच्या नावाने ते ओळखलं जातं तो कॅप्टन सॅम्युअल वॉकर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोच्या लढाईत पडला. एका डॅनिश दर्यावर्दीचं पेटीबंद वॉकर 2018 मध्ये 18 लाख 40 हजार डॉलरला विकलं गेलं.

ब्रिटिश वेब्ली दिसलं तर सिलिंडर मागून तपासा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या कित्येक वेब्लींच्या सिलिंडरची मागची बाजू तासली गेली. कारण काय, तर तिथे सहज मिळणारं काडतूस त्यात बसावं! रिव्हॉल्व्हर चाललं, किंमत मात्र पडली.

कवी आणि गोळीबार! 10 जुलै 1873 ला ब्रसेल्समध्ये पॉल व्हर्लेनने आपला मित्र आर्थर रँबोवर रिव्हॉल्व्हर झाडलं. रँबोच्या मनगटाला जखम झाली, व्हर्लेन तुरुंगात गेला. रिव्हॉल्व्हर त्याने त्याच सकाळी विकत घेतलेलं. दुकानदाराच्या वहीत नंबर होता, तोच हत्यारावर. ओळख पटली! 2016 मध्ये पॅरिसला क्रिस्टीजमध्ये किंमत आली 4 लाख 34 हजार 500 युरो. दुकानदाराची वहीसुद्धा कुणाला अमर करू शकते, बोला!

आता हात जरा आवरा. गंज दिसला की ज्यांचे हात शिवशिवतात त्यांच्यासाठी ही गोष्ट. 1960 च्या सुमारास फ्रान्समधल्या ओव्हेर गावच्या शेतात एका शेतकऱ्याला गंजून गेलेलं लेफोशो रिव्हॉल्व्हर सापडलं. चित्रकार व्हॅन गॉगने स्वतःवर गोळी झाडली ती बहुधा ह्याच्यानेच, असं मानतात. हत्याराची अवस्था इतकी वाईट की ते अनेक दशकं मातीत पडून असावं, हाच त्या तर्काचा एक आधार. 2019 मध्ये पॅरिसला ते 1 लाख 62 हजार 500 युरोला गेलं. गंज घासला असता तर पुरावाच गेला असता!

मग गंजाचं करायचं तरी काय? लाल गंज शत्रू, काळा गंज मित्र! लोखंडाला मुद्दाम गंजवून डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळलं की लाल थर काळ्या ऑक्साईडमध्ये बदलतो. सैल भुकटी मऊ तारेच्या ब्रशने झाडायची, पुन्हा गंजवायचं, पुन्हा उकळायचं. असे थरावर थर चढले की ती जुनी निळसर-काळी झिलई येते. नाव ‘रस्ट ब्लूइंग’.

आणि पीसमेकरच्या सांगाड्यावरचे ते ढगाळ निळे-तपकिरी रंग? रंग नव्हेच ते! हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात सांगाडा बंद करून लालबुंद तापवायचा आणि फटकन गार पाण्यात सोडायचा. कातडी कडक होते आणि वर हे इंद्रधनुष्य फुकट. वापरात हे रंग हळूहळू उडतात. हात कमी पोचतो त्या खोबणीत तेवढे टिकतात. कडा झिजलेल्या पण रंग मात्र सगळीकडे झगझगीत? समजून जा, नवा मेकअप आहे.

माझं मत स्पष्ट आहे: आधीच कुणी वाट लावली असेल, तरच नवी झिलई. नाहीतर तेलाचा हलका हात, मऊ फडकं, बस्स. आणि आपल्याकडे माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचं एखादं निघालं तर? भारतात 1959 चा शस्त्र कायदा आहे. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराणवस्तूला त्यात सूट आहे, पण ते ठरवायचं आपण नाही. तडक पोलीस ठाणं गाठा.

कुरिअरच्या ट्रॅकिंगचं कौतुक वाटतं तुम्हाला? कोल्ट कंपनी फी घेऊन जुन्या वह्या तपासते आणि तुमचं रिव्हॉल्व्हर कधी, कुणाकडे रवाना झालं ते पत्राने कळवते! स्टार ग्राहक म्हणजे ‘वाइल्ड वेस्ट’चा नामांकित बंदूकबाज बॅट मास्टरसन. 1885 च्या जुलैत त्याने डॉज सिटीतल्या ऑपेरा हाऊस सलूनच्या लेटरहेडवर कारखान्याला ऑर्डर धाडली: निकेल प्लेटिंग हवं, चाप हलका हवा आणि नेम धरायची पुढची माशी नेहमीपेक्षा थोडी उंच, थोडी जाड. कस्टमायझेशन, तेही टपालाने!