मॉरिशस बेट : भूमी, शेती व तेथील मराठी माणसे

परदेशाचे नाव निघाले की, ही माहिती आपल्या उपयोगाची नव्हे असे समजून पुष्कळ शेतकरी बंधू पान उलटतात. परंतु हिंदी महासागरात एक लहानसे बेट असे आहे की, त्याची हकीकत जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याने लक्षपूर्वक वाचावी. तेथे एकाच पिकावर सारा देश दीर्घकाळ उभा राहिला. ते पीक काढणाऱ्या मजुरांत आपली मराठी माणसेही होती. आणि बांधून मिळालेला भाव एके दिवशी सुटला म्हणजे काय होते, हेही त्या बेटाने पाहिले आहे. आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनीत गेल्यामुळे कोणत्याही मुलखाची माहिती घेताना आमची दृष्टी प्रथम क्षेत्र, पीक व खातेदार यांकडे वळते. त्याच क्रमाने येथे लिहितो.

भूमी व हवामान

मॉरिशसच्या मुख्य बेटाचे क्षेत्र सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर आहे. आपला जालना जिल्हा सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर. म्हणजे तशी चार बेटे आपल्या जिल्ह्यात सहज मावतील. लोकवस्ती मात्र साडेबारा लाखांच्या घरात आहे. तेथे जमीन एकरात न मोजता 'आर्पां' या जुन्या फ्रेंच मापाने मोजण्याची वहिवाट आहे. एक आर्पां म्हणजे सुमारे बेचाळीस गुंठे होत.

बेट ज्वालामुखीपासून झालेले असून तेथील खडक आपल्याकडील काळ्या पाषाणाच्याच जातीचा आहे. भूगर्भशास्त्रज्ञांचे मत असे की, भूगर्भातील ज्या उष्ण स्रोतातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा पाषाण बाहेर पडला, त्याच स्रोतावर पुढे फार काळाने मॉरिशस बेट उभे राहिले. तेव्हा आपली व त्या बेटाची भूमी एका अर्थी एकाच कुळातील होय. तेथील शेतांतून निघालेल्या धोंड्यांचे उंच ढीग उसाच्या मध्येच रचलेले असतात.

पावसाच्या बाबतीत मात्र साम्य संपते. आग्नेयेकडून येणारे वारे मधल्या पठारावर वर्षास ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पाडतात. पश्चिम किनाऱ्यावर तो ९०० मिलिमीटरच्या आसपास उतरतो. बेट दक्षिण गोलार्धात असल्याने आपल्या पावसाळ्यात तेथे थंडी असते आणि उसाची तोड जूनपासून डिसेंबरपर्यंत चालते. उन्हाळ्यात चक्रीवादळांचे भय असते. १८९२ व १९६० सालच्या वादळांनी तेथे फार मोठा नाश केला. ऊस वाऱ्यापुढे लवतो व बुडख्यापासून पुन्हा फुटतो. इतर पिकांस ते साधत नाही. उसाचे राज्य तेथे टिकले त्याचे हे एक मोठे कारण आहे.

माणसाच्या हातून तेथील सृष्टीची हानीही झाली. डोडो नावाचा न उडणारा पक्षी सतराव्या शतकातच नामशेष झाला. आबनुसाची अरण्ये तुटली. मॉरिशसचा लहान ससाणा १९७४ साली रानात अवघा चारच उरल्याचे आढळले होते. पुढे जपणूक केल्याने त्याची संख्या शेकड्यांवर गेली.

ऊस, मजूर व जमीन

१५९८ साली डच लोक या बेटावर उतरले आणि १६३९ साली त्यांनी जावा बेटातून ऊस आणला. १७१५ साली फ्रेंचांनी व १८१० साली इंग्रजांनी बेट घेतले. १८२५ साली तेथील साखरेस इंग्लंडच्या पेठेत वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच जकात लागू झाली व ऊस झपाट्याने वाढला. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली, तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे दृष्टी वळविली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' जहाजाने ३६ मजूर तेथे पोहोचले होते. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर तेथे गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडील व आसपासच्या मुलखांतील मराठी कुटुंबे होती.

करार पाच वर्षांचा व पगार महिना पाच रुपये आणि शिधा, असा साधारण ठराव असे. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा रोज कापीत. पोर्ट लुई बंदरात ज्या सोळा पायऱ्या चढून ही माणसे आत येत, त्या आप्रवासी घाटाची २००६ साली जागतिक वारशात गणना झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव उतरले. मळेवाल्यांनी कडेच्या व हलक्या जमिनी तुकड्या-तुकड्यांनी विकावयास काढल्या. मजुरांनी व मुकादमांनी पोटास चिमटा घेऊन साठविलेल्या पैशांतून, पुष्कळदा हप्त्यांनी, त्या विकत घेतल्या. अशा रीतीने कालचा मजूर खातेदार झाला. आमच्या मते त्या बेटाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी फेरफार नोंद होय.

बांधून मिळालेला भाव

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीचे बहुतेक सर्व उत्पन्न साखरेचे होते. १९७५ साली युरोपातील राष्ट्रांशी करार होऊन दरसाल सुमारे पाच लाख टन साखर ठरीव भावाने घेतली जाऊ लागली. हा भाव जगाच्या बाजारभावाहून बहुधा बराच चढा असे. त्या पैशाचा देशाने चांगला उपयोग केला. १९७० पासून निर्यातीसाठी कापडचोपडाचे कारखाने निघाले. १९७७ साली माध्यमिक शिक्षण मोफत झाले. पुढे प्रवासी व पेढ्यांचा व्यवहार वाढला.

मग युरोपाने २००६ ते २००९ या काळात साखरेचा भाव शेकडा ३६ नी उतरविला आणि २००९ साली करारही संपला. देश कोसळला नाही, कारण त्याने दुसरे खांब आधीच रोवले होते. कारखाने एकत्र होऊन आता तीनच उरले. ते चिपाडापासून वीज, मळीपासून मद्यार्क व खास प्रतीची साखर करतात. परंतु लहान बागायतदारास हे साधले नाही. मजूर मिळेना, खर्च भागेना, मुले शहरात नोकरीस गेली. आजोबांनी पै-पै साठवून घेतलेल्या कित्येक जमिनी पडीक झाल्या. तांदूळ व गहू तर तो देश बाहेरूनच आणतो.

लोक व भाषा

गणेश चतुर्थीस तेथे सार्वजनिक सुट्टी असते आणि गणपतीपुढे कोकणातील जाखडी नाच अद्याप होतो. १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन चालते व शाळांतही मराठी हा विषय घेता येतो. तथापि घरात बोलणे बहुधा क्रेओल भाषेत होते. सण टिकले, आडनावे टिकली. जिभेवरची भाषा मात्र टिकविणे कठीण जात आहे.

आपणांस बोध

आमच्या जिल्ह्यात ऊस काही भागापुरताच आहे. कापूस, सोयाबीन व मोसंबी यांवर बहुतेकांचा संसार चालतो. २०१२-१३ च्या अवर्षणात कित्येकांस वाळलेल्या मोसंबीच्या बागा तोडाव्या लागल्या. एका पिकावर मान टाकण्याचा धोका आपणांस मॉरिशसकडून शिकावयास नको. शिकण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. चांगला भाव म्हणजे कायमचे वतन नव्हे, ती मुदतीची सवलत आहे. त्या मुदतीत मॉरिशसच्या सरकारने पुढची तजवीज केली, म्हणून देश तरला. लहान खातेदारास ती एकट्याने करता आली नाही, म्हणून तो मागे पडला.

एकट्यास जे होत नाही त्यासाठीच संघ असतो. बऱ्या वर्षी थोडी रक्कम सामाईक निधीत टाकावी, माल कच्चा न विकता त्यावर गावातच काही प्रक्रिया करावी, आणि शिकलेल्या मुलास शेतीच्या हिशेबात आजपासूनच बसवावे. ज्या जमिनीचा हिशेब वारसास ठाऊक नाही, ती सातबाऱ्यावर त्याच्या नावे असली तरी त्याच्या हाती फार दिवस राहत नाही, असे आमच्या पाहण्यात आहे.