मधमाशीचे रूप घेतलेले फूल

निसर्गात बहुरूप्यांची वाण नाही. वाळलेल्या काटकीसारखा दिसणारा किडा, पंख मिटताच सुकलेले पान होऊन बसणारे फुलपाखरू, झाडाच्या सालीत विरून जाणारा सरडा, ही सोंगे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांचा हेतूही उघड असतो: जीव वाचवावा, नाहीतर भक्ष्य साधावे. परंतु एखाद्या फुलानेच कीटकाचे सोंग घ्यावे, आणि ते इतके हुबेहूब वठवावे की, पाकळीवर बसलेली माशी उडून जाईल या भयाने पाहणाऱ्याने क्षणभर पाऊल आवरावे, हा प्रकार विरळाच. युरोपातील गवताळ माळांवर असे एक फूल आहे. इंग्रज लोक त्यास 'बी ऑर्किड' म्हणतात. ऑर्किड कुळास मराठीत 'आमरी' हे नाव रूढ आहे. तेव्हा या फुलास 'मधमाशी-आमरी' म्हणण्यास हरकत नसावी.

आमरी म्हटली की, आपल्याकडे सह्याद्रीतील वृक्षांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या वनस्पती डोळ्यांपुढे येतात. मधमाशी-आमरी मात्र जमिनीवर उगवते. चुनखडीची, निकृष्ट, पाण्याचा लवकर निचरा होणारी जमीन तिला मानवते. भूमध्य समुद्राच्या काठचे देश, उत्तर आफ्रिका, मध्य व पश्चिम युरोप आणि पूर्वेस कॉकेशसपर्यंत तिचा विस्तार आहे. भारतात ती आढळत नाही. शरद ऋतूत जमिनीलगत पानांचा एक लहानसा गुच्छ उगवतो, तो हिवाळाभर तग धरतो आणि इंग्लंडात जून-जुलैच्या सुमारास त्यातून वीत-दीड वीत उंचीचा पुष्पदंड वर येतो. त्यावर दोनपासून सात-आठपर्यंत फुले एकामागून एक उमलतात. प्रत्येक फुलाला गुलाबी रंगाची तीन बाह्यदले पंखांप्रमाणे पसरलेली असतात. त्यांच्या मध्यभागी तपकिरी, मखमली, फुगीर असा एक ओठ असतो. त्यावर पिवळसर रेषांची नक्षी, आणि दोन्ही बाजूंस केसाळ खांदे. बाह्यदलांना पंख समजावे, ओठाला पोट समजावे, आणि वरच्या दोन इवल्या लवदार पाकळ्यांना शृंगिका समजाव्यात, की मधमाशी पूर्ण झाली!

या वनस्पतीचे जीवन मोठे कष्टाचे आहे. तिचे बी धुळीच्या कणाएवढे असते आणि एका बोंडात अशी हजारो बीजे असतात. इतक्या लहान बीजात कोंबाला पुरेशी शिदोरी कोठून असणार? ती शिदोरी मातीतील एक बुरशी पुरविते. ऑर्किडचे बी बुरशीच्या साहाय्यावाचून निसर्गात रुजत नाही, हे नोएल बेर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ साली प्रथम दाखविले. बी रुजल्यापासून फूल येईपर्यंत मधमाशी-आमरीस कित्येक वर्षे भूमिगत तपश्चर्या करावी लागते. एवढे करून एखाद्या वर्षी फुले भरपूर येतात, तर दुसऱ्या वर्षी त्याच माळावर एकही दिसत नाही.

अशा फुलाने चित्रकारांचे लक्ष वेधले, यात नवल नाही. लिनीअसने १७५३ साली या वर्गास 'ऑफ्रिस' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ भुवई. माशीसारखे, मधमाशीसारखे, कोळ्यासारखे दिसणारे निरनिराळे प्रकार त्याने एकाच जातीत घातले होते. १७६२ साली विल्यम हडसनने मधमाशी-आमरी वेगळी काढून तिचे 'एपिफेरा', म्हणजे मधमाशी धारण करणारी, असे नामकरण केले. जातीजातींमधील हे भेद शब्दांनी सांगणे कठीण, आणि वाळवलेल्या नमुन्यात तर ते उरतच नाहीत. दाबून सुकविलेला ऑर्किड काळवंडतो, ओठाची फुगवट चपटी होते आणि मखमल नाहीशी होते. म्हणून अशा फुलांच्या बाबतीत चित्र ही शास्त्राची केवळ शोभा नव्हती, ती त्याची गरज होती.

विल्यम कर्टिसने लंडन शहराच्या आसपास उगवणाऱ्या वनस्पतींचा 'फ्लोरा लाँडिनेन्सिस' हा ग्रंथ १७७७ पासून १७९८ पर्यंत भागशः प्रसिद्ध केला. त्यात मोठ्या आकाराच्या पानांवर झाडे जशीच्या तशी, मूळ आकारात काढलेली असून त्यांत या आमरीचेही चित्र आहे. पुढे जेम्स सॉवर्बी याने 'इंग्लिश बॉटनी' या ३६ खंडांच्या ग्रंथासाठी, १७९० ते १८१४ या काळात, अडीच हजारांवर चित्रे सिद्ध केली. ताम्रपटावर रेषा कोरावयाच्या, त्यांचे ठसे कागदावर घ्यावयाचे आणि मग प्रत्येक प्रत हाताने रंगवावयाची, अशी ती पद्धत होती. मधमाशी-आमरीचा ओठ रंगविणे हे रंगकाऱ्याच्या कसोटीचे काम. एकाच रंगाचा जाड थर दिला, तर मखमलीऐवजी चामडे दिसते. पातळ रंगाचे थरावर थर चढवून, शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने एकेक केस ओढावा, तेव्हा कोठे ती लव कागदावर उतरते. शिवाय दोन फुलांची नक्षी सहसा एकसारखी नसते. तेव्हा कोणते फूल नमुनेदार मानावे, हा निर्णयही चित्रकारालाच करावा लागतो. आजही ऑफ्रिस वर्गातील जाती कोणी वीसच्या आसपास मानतात, तर कोणी अडीचशेहून अधिक. यावरून हा निर्णय किती बिकट आहे, याची कल्पना येईल.

सर्वांत खोल दृष्टी मात्र फ्रान्झ बाउअर या चित्रकाराची. ऑस्ट्रियातून आलेला हा कलावंत १७९० साली लंडनजवळील क्यू येथील राजोद्यानात रुजू झाला आणि १८४० साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. फूल बाहेरून रेखाटून त्याचे समाधान होत नसे. सूक्ष्मदर्शकाखाली तो ऑर्किडचे एकेक अवयव सुटे करी आणि परागाचे पिंड, त्यांचे देठ, कुक्षीची चिकट पोकळी, ही सारी मोठी करून काढी. ती चित्रे जॉन लिंडले या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सहकार्याने १८३० ते १८३८ या काळात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. इतर चित्रकारांनी फुलात मधमाशी पाहिली. बाउअरने त्यात एक यंत्र पाहिले.

आता प्रश्न असा की, हे सोंग कशासाठी? प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन याची समजूत अशी होती की, फुलावर आधीच माशी बसली आहे असे वाटून इतर कीटकांनी दूर राहावे, यासाठी ही योजना असावी. चार्ल्स डार्विनला हे पटले नाही. ऑर्किड फुलांचे परागीकरण कीटक कसे करतात, या विषयावर त्याने १८६२ साली एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इतर ऑर्किडांच्या फुलांत त्याने पेन्सिलीचे टोक घातले, तेव्हा दोन परागपिंड टोकाला डिंकासारखे चिकटून बाहेर आले. अर्ध्या-एक मिनिटात ते पुढे वाकले आणि दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर नेमके टेकतील अशा स्थितीत येऊन ठेपले. कीटकाच्या डोक्यावरून पराग दुसऱ्या फुलाकडे जावा, यासाठीच ही सारी रचना.

मधमाशी-आमरीत मात्र त्याला निराळाच देखावा दिसला. तिच्या परागपिंडांचे देठ लांब व लुळे असतात. फूल उमलल्यावर पिंड आपोआप कोशातून सुटतात आणि त्याच फुलाच्या कुक्षीसमोर लोंबकळू लागतात. वाऱ्याची झुळूक आली की कुक्षीला जाऊन चिकटतात. डार्विनने एका झाडावर कीटक शिरणार नाहीत पण वारा लागेल अशी जाळी घातली, तरी परागीकरण झाले. मग त्याने एक पुष्पदंड निवाऱ्याच्या खोलीत पाण्यात ठेवला. तेथे वारा नव्हता, आणि परागपिंड फूल कोमेजेपर्यंत कुक्षीसमोर नुसते लोंबत राहिले. म्हणजे वारा हाच इथला मध्यस्थ. पण मग पिंडांच्या तळाशी कीटकाला चिकटण्यासाठी असलेल्या चकत्या कशाला? आणि मधमाशीचा हा सगळा साज तरी कोणासाठी? हे कोडे डार्विनला सुटले नाही.

ते सुटले उत्तर आफ्रिकेत, आणि तेही एका न्यायाधीशाच्या हातून. अल्जीरियात नोकरीस असलेला पुयान नावाचा फ्रेंच गृहस्थ आरशासारखा निळा चकचकीत ओठ असलेल्या, याच वर्गातील एका ऑर्किडाचे निरीक्षण वीस वर्षे करीत होता. त्याला आढळले की, या फुलांवर एका विशिष्ट गांधीलमाशीचे केवळ नर येतात. त्या जातीच्या माद्या कधीच फिरकत नाहीत. नर वसंतात माद्यांच्या आधी बाहेर पडतात, आणि फुलाला आपली सहचरी समजून त्याच्याशी प्रियाराधन करू लागतात. या खटपटीत परागपिंड त्यांच्या अंगाला चिकटतात आणि पुढच्या फुलावरही तीच फसगत झाली की तेथे पोचते होतात. फुलाने त्यांना मधाचा एक थेंबही दिलेला नसतो. स्वित्झर्लंडचे उद्यानतज्ज्ञ कोरेव्हाँ यांच्यासह पुयानने हे निरीक्षण १९१६ साली प्रसिद्ध केले. आरंभी पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. परंतु १९२७ साली ऑस्ट्रेलियात एडिथ कोलमन या विदुषीने तेथील एका अगदी वेगळ्या ऑर्किडात हाच प्रकार दाखवून दिला. इंग्लंडच्या गॉडफ्री यांनीही पुयानच्या म्हणण्यास स्वतः पाहून दुजोरा दिला. याच गॉडफ्रींनी १९३३ साली ब्रिटनमधील ऑर्किडांवर मोठा ग्रंथ काढला. त्यातील रंगचित्रे त्यांच्या पत्नी हिल्डा यांच्या कुंचल्यातून उतरलेली आहेत. एकाच घरात एकाने फुलाचे वर्तन टिपावे आणि दुसऱ्याने रूप, असा हा सुयोग होता.

तरीही एक गोष्ट उरली होती. माणसाला ते फूल मधमाशीसारखे दिसते खरे, पण नराला ते कशामुळे मादीसारखे वाटते? स्वीडनच्या कुलेनबर्ग यांनी १९४० नंतरच्या काळात या प्रश्नाचा दीर्घ अभ्यास आरंभिला आणि नराला दुरून खेचणारी गोष्ट म्हणजे गंध, हे दाखविले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचा रासायनिक पुरावाच दिला. कोळ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऑफ्रिसच्या फुलातून जी द्रव्ये दरवळतात, तीच द्रव्ये तिच्याकडे येणाऱ्या मधमाशीच्या मादीच्या अंगावरील मेणात सापडली. पुढे असेही आढळले की, परागीकरण उरकताच ते फूल आपला गंध बदलते आणि अंडी घालण्यास सिद्ध झालेल्या मादीप्रमाणे नरांना परतवून लावणारे द्रव्य सोडते. मग नर शेजारच्या, अद्याप न फळलेल्या फुलाकडे वळतो. गंधाने जवळ यावे, रंगाने व आकाराने खाली उतरावे, आणि मखमलीच्या स्पर्शाने पुरते फसावे, असा या मोहजालाचा क्रम आहे.

मधमाशी-आमरीचाही दक्षिणेकडील देशांत लांब शृंगिकांच्या मधमाश्यांशी असाच संबंध येतो. उत्तरेकडे, विशेषतः इंग्लंडात, ती बहुतेक सर्वस्वी आत्मपरागणावर निर्वाह करते. तिची मधमाशी जगातून नष्ट झाली असून हे फूल म्हणजे त्या मृत माशीचे शेवटचे स्मारक होय, अशी एक हृद्य कथा सांगितली जाते. कथा सुंदर आहे, पण खरी नाही. मधमाशी भूमध्य प्रदेशात आजही आहे.

या इतिहासातून एक बोध सहज निघतो. सॉवर्बीच्या ताम्रपटाला गंध नव्हता, बाउअरच्या सूक्ष्मदर्शकालाही तो दिसला नसता. फुलाचे नाव आणि त्याचे चित्र ही माणसाच्या नजरेची निर्मिती. फुलाने आपला खरा निरोप माणसासाठी लिहिलेलाच नव्हता. असे असले तरी चित्रकारांचे श्रम वाया गेले नाहीत. ज्यांनी ऐकीव गोष्टीपेक्षा समोरच्या अवयवाशी इमान राखले, त्यांच्या चित्रांतूनच पुढच्या संशोधकांना कोठे पाहावे हे कळले.

चित्र टिकते, फूल टिकेलच असे नाही. आपल्याकडे वैद्यांच्या दुकानात मिळणारी पौष्टिक सालममिश्री म्हणजे ऑर्किडचे कंदच. तुर्कस्तानात अशाच कंदांच्या पिठापासून 'सालेप' नावाचे पेय करतात आणि त्यासाठी ऑफ्रिसचेही कंद खणले जातात. किलोभर पीठ करावयास हजाराहून अधिक झाडे जातात. इंग्लंड व वेल्समध्ये १९३० नंतरच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत नांगर व खते यांमुळे जुन्या फुलझाडांच्या कुरणांपैकी सुमारे ९७ टक्के कुरणे नाहीशी झाली. जमिनीच्या मालकाच्या परवानगीवाचून रानटी झाड उपटणे तेथे १९८१ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. सुदैवाने मधमाशी-आमरी हट्टी आहे. सोडून दिलेल्या खाणी, रस्त्यांच्या कडा, क्वचित एखाद्या घरापुढील हिरवळ, अशा ओसाड किंवा दुर्लक्षित जागीही ती अवचित उगवते. तिला हवे असते ते एवढेच की, पुष्पदंड वर येण्याच्या दिवसांत कोणी गवत कापण्याची घाई करू नये. जून महिन्यात तीन-चार आठवडे कातरणी थांबविली, तर ज्या बहुरूप्याचे सोंग ओळखायला माणसाला दीडशेहून अधिक वर्षे लागली, तो पुढच्या वर्षीही त्याच जागी दर्शन देण्याचा संभव राहतो.