सहीआधी कागद बघणारे न्यायाधीश : न्यायमूर्ती रानडे



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक ताई चार पानांचा कागद घेऊन आली. दारावर आलेल्या माणसाने तीस हजारांचं कर्ज दिलं होतं. हातात मात्र सत्तावीस हजार आणि वरचे काही रुपये पडले. बाकीचे कुठे गेले, हप्ते किती, व्याज कसं लावलं, तिला काही सांगता येईना. ताई दहावी झालेली आहे, मराठी पेपर रोज वाचते. पण कागद इंग्रजीत होता आणि माणूस घाईत होता. "इथं सही करा, इथं करा, इथं करा." तिने तीन ठिकाणी सही केली.

त्या दिवशी आम्हाला एका जुन्या न्यायाधीशांची आठवण झाली. अशाच कागदांमागचा खरा हिशेब शोधण्यात त्यांच्या नोकरीची कितीतरी वर्षं गेली, आणि तीही आपल्याच पुणे जिल्ह्यात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांचं नाव 'समाजसुधारक' म्हणून वाचलं. पण ते पोटापाण्यासाठी काय काम करत होते, हे फारसं कुणी सांगत नाही. आज तेच सांगणार आहोत.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील कोल्हापूर संस्थानात नोकरीला होते, म्हणून बालपण कोल्हापुरात गेलं. पुढे शिकायला मुंबईला गेले. मुंबई विद्यापीठ तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. १८५९ साली तिथली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली, त्यात पास झालेल्या मोजक्या मुलांत रानडे होते. १८६२ साली बी.ए. झाले, १८६६ साली कायद्याची पदवी घेतली. वाचून वाचून त्यांचे डोळे अधू झाले, ते दुखणं जन्मभर राहिलं. १८७१ साली ते पुण्यात सबजज्ज म्हणून आले, म्हणजे दिवाणी कोर्टाचे न्यायाधीश.

त्या वेळी आपल्या भागातल्या शेतकऱ्याची दशा काय होती, ते थोडं समजून घेऊ. १८६१ ते १८६५ या काळात तिकडे अमेरिकेत आपसात युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. शेतकऱ्याकडे सारा भरायलाही पैसा नव्हता, मग पुन्हा सावकार, पुन्हा कर्ज. जुनं व्याज मुद्दलात मिळवून नवा कागद करायचा आणि त्यावर शेतकऱ्याचा अंगठा घ्यायचा, अशी रीत पडली. कागदात काय लिहिलंय ते सावकाराला माहीत, अंगठा देणाऱ्याला नाही. आणि कोर्टात दावा लागला की न्यायाधीश कागदच बघायचा. अंगठा तुझा ना? मग भर पैसे. नाही भरलेस तर जमीन गेली, नाहीतर तुरुंग.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांचा संयम सुटला. सुपे म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं, बारामतीकडचं. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या लोकांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. लुटालूट झाली, पण लोकांचा खरा रोख कागदांवर होता. कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हे लोण पसरलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

जाळपोळ करून कुणाचं भलं होत नाही, हे आम्हीही म्हणतो. पण विचार करा, या लोकांनी कागदच का जाळले? कारण न वाचता दिलेल्या अंगठ्यानेच घर बुडतं, हे त्यांनी भोगलं होतं.

सरकारने चौकशी बसवली आणि १८७९ साली खास कायदा केला. तो फक्त पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. आपला खेड तालुका, चाकण, हवेली, मावळ, सगळं त्यात आलं. डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट असं त्याचं इंग्रजी नाव, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्याला कर्जातून दिलासा देणारा कायदा. त्यातल्या चार गोष्टी नीट ऐका.

पहिली. शेतकऱ्याने "हो, मी देणं लागतो" असं कबूल केलं तरी न्यायाधीशाने तेवढ्यावर थांबायचं नाही. पहिल्या दिवसापासून व्यवहार कसा झाला, खरे किती दिले, किती परत आले, हे खोदून काढायचं.

दुसरी. मुद्दल वेगळं आणि व्याज वेगळं मांडायचं. व्याज मुद्दलात मिळवून फुगवलेला आकडा चालणार नाही.

तिसरी. पैशाच्या देण्यासाठी शेतकऱ्याला अटक किंवा तुरुंग नाही.

चौथी आपल्या गटांच्या फार जवळची आहे. पैसे भरले की पावती मागण्याचा शेतकऱ्याला हक्क. वर्षाचा हिशेब लिहून मागण्याचा हक्क. आणि पासबुक मागण्याचा हक्क. मैत्रिणींनो, आपण दर बैठकीला जे पासबुक भरतो, त्याच्यासाठी आपल्या जिल्ह्यात जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी कायदा करावा लागला होता.

पण कायदा पुस्तकात असून भागत नाही, तो चालवणारा माणूस लागतो. रानडे इथेच कामाला आले. १८८१ पासून त्यांची नेमणूक या कायद्याच्या कामावर झाली. डॉक्टर पोलन नावाचे इंग्रज अधिकारी मुख्य होते, त्यांच्या हाताखाली रानडे गावोगाव फिरून कोर्टांचं दप्तर तपासत. पुढे १८८७ साली ते स्वतःच या कायद्याखालचे खास न्यायाधीश झाले आणि चारही जिल्हे त्यांच्याकडे आले. छोट्या दाव्यांत शेतकऱ्याला वरच्या कोर्टात अपील करता येत नव्हतं. खालच्या न्यायाधीशाने चूक केली तर ती पकडणारे हेच अधिकारी. म्हणून बैलगाडीतून, तंबूत मुक्काम करत हे फिरणं फार मोलाचं होतं.

या कायद्याने सगळं चांगलं झालं असं मात्र नाही. काही सावकारांनी कर्ज द्यायचंच कमी केलं. काहींनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. तोंडाने म्हणायचं, "पैसे दे, जमीन परत देतो," आणि कागदावर मात्र विक्री. रानड्यांनाही हे दिसत होतं. नुसता कोर्टाचा कायदा पुरत नाही, शेतकऱ्याला रास्त व्याजाने पैसा मिळण्याची जागा हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. विल्यम वेडरबर्न नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली, रानडे त्या विचाराचे होते. लंडनहून तिला मंजुरी मिळाली नाही. पण १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तो बघायला रानडे नव्हते. आज आपण दहा-बारा बाया मिळून बचत करतो आणि आपसात कर्ज देतो, ते याच विचाराचं पुढचं पाऊल आहे असं आम्हाला वाटतं.

१८९३ साली रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्या काळी हिंदी माणसाला ही मोठी जागा. १६ जानेवारी १९०१ रोजी ते वारले. त्यांच्या जागी नारायण गणेश चंदावरकर आले, तेही सुधारकच.

आता त्यांच्या घरातली गोष्ट. ती पूर्ण गोड नाही, पण सांगायलाच हवी.

१८७३ साली रानड्यांची पहिली बायको, सखुबाई, वारली. रानडे तेव्हा विधवा विवाहाच्या बाजूने बोलणाऱ्यांत पुढे होते. लोकांना वाटलं, आता हे विधवेशीच लग्न करतील. पण वडिलांनी हट्ट धरला आणि दोन-अडीच महिन्यांत अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. नवरा एकतीस वर्षांचा. लोकांनी त्यांना खूप नावं ठेवली आणि ती चुकीची नव्हती. कोर्टात एवढा ठाम माणूस वडिलांपुढे ठाम राहिला नाही. आपल्या घरातही असं होतं. बाहेर सभेत मुलींच्या शिक्षणावर बोलणारा माणूस घरी आला की "आमच्यात असं चालत नाही" म्हणतो.

ती मुलगी म्हणजे रमाबाई. सातारा भागातल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची लेक. माहेरी मुलींना शिकवायची पद्धत नव्हती, तिला अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी लग्नानंतर लगेच तिला शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या मोठ्या बायकांना हे आवडेना. टोमणे, अबोला, सगळं रमाबाईंनी सोसलं आणि शिकणं सोडलं नाही. पुढे त्या नवऱ्याबरोबर दौऱ्यावर जात. त्यांचे डोळे अधू म्हणून त्यांना वाचून दाखवत. जिला अक्षर येत नव्हतं, ती न्यायाधीशाला वाचून दाखवू लागली.

पुण्यात १८८४ साली मुलींची मोठी शाळा निघाली, आजही तिला हुजूरपागा म्हणतात. तिच्या मागे रानडे पतिपत्नी दोघं होते. रानडे गेल्यानंतर रमाबाई घरात बसून राहिल्या नाहीत. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे विधवा, टाकलेल्या, गरीब बायका शिकल्या, कुणी शिक्षिका झाल्या, कुणी नर्स. १९१० साली रमाबाईंनी आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. रानडे घरी आणि दौऱ्यावर कसे वागत, हे आज आपल्याला कळतं ते बरंचसं त्या पुस्तकामुळे. १९२४ साली त्या वारल्या.

आता आपल्याकडे येऊ. चाकण, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, सगळीकडे कंपन्या आल्या, गुंठ्याचे भाव वाढले. सावकाराची वही गेली, पण कागद वाढले. फायनान्सचा कागद, कंत्राटदाराचा कागद, आणि सगळ्यात नाजूक म्हणजे भावाने पुढे केलेला हक्कसोडपत्राचा कागद. "ताई, फक्त सही कर, बाकी काही नाही." महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशात २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. सोडायचा की ठेवायचा हे तिने ठरवावं. सोडला म्हणून ती वेडी नाही, ठेवला म्हणून ती वाईट नाही. पण काय सोडते आहे, ते तिला आधी कळलं पाहिजे.

छोट्या कर्जांसाठीही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे तारण न घेता दिलेल्या मायक्रोफायनान्स कर्जाचं कार्ड आणि माहितीचा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. व्याज आणि इतर आकार त्यात स्पष्ट हवेत. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही.

आमच्या ताईने मराठी कार्ड मागितलं. आधी टाळाटाळ झाली. मग गटातल्या पाच जणी तिच्याबरोबर गेल्या आणि कार्ड मिळालं. कापलेल्या पैशांत नवऱ्याच्या विम्याची रक्कम होती, ती तिला कुणी सांगितलीच नव्हती. ते पैसे परत मिळावेत म्हणून तिने लेखी अर्ज दिला आणि अर्जाची पोच घेतली. उत्तर अजून यायचं आहे. पण आता हप्त्याची तारीख, मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हे ती स्वतः सांगते.

तेव्हा आमची एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत हजेरी आणि बचत झाली की दहा मिनिटं कागदासाठी ठेवा. ज्या बाईला कुठे सही करायची आहे, तिने तो कागद आणावा आणि गटातल्या शिकलेल्या मुलीने तो मोठ्याने वाचावा. मग तीनच प्रश्न विचारा. हातात किती येणार? एकूण किती जाणार? आणि या सहीने माझं काय जाणार? उत्तर मिळालं नाही तर कागद घरी न्यायचा, सही दुसऱ्या दिवशी. घाई करणाऱ्याला सांगा, "गटात विचारून येते." रानड्यांच्या वेळी हे विचारायला न्यायाधीशाला तंबू घेऊन गावात यावं लागत होतं. आपण दर आठवड्याला एकत्र बसतोच आहोत.

तुमच्या गटात असा कोणता कागद वाचला, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या वेळी त्यावर बोलू.