स्पोर्ट्स कारचे 'कॉइलओव्हर' : किती खाली आणि किती कडक?

स्पोर्ट्स कार विकत घेतल्यावर हौशी मालकाच्या डोळ्यांत पहिल्यांदा सलते ते टायर आणि मडगार्ड यांच्यामधले अंतर. चार बोटे मोकळी जागा दिसली की गाडी उंच वाटू लागते, आणि मग 'कॉइलओव्हर' या शब्दाशी गाठ पडते. गाडी खाली आणणारे, वळणावर तिचे झुकणे कमी करणारे हे सस्पेन्शनचे संच जपान, जर्मनी, स्वीडन, तैवान अशा अनेक देशांत तयार होतात. अमेरिकेच्या बाजारात त्यांची किंमत साधारण एक हजार डॉलरपासून सुरू होते आणि तीन हजारांच्याही पुढे जाते. एवढे पैसे मोजूनही मूळ गाडीपेक्षा वाईट चालणारी गाडी पदरी पडू शकते, ही यातली खरी अडचण आहे.

उदाहरणादाखल माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी गाडी घेऊ. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात ती प्रथम दिसली आणि एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली. भारतात ती अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या तरुणांना मात्र ती जुन्या बाजारात आवाक्यातल्या किमतीला मिळते. वजन जेमतेम एक टन, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना.

मुळात कॉइलओव्हर म्हणजे शॉक अॅब्सॉर्बरभोवती गुंडाळल्यासारखी बसवलेली स्प्रिंग. त्या अर्थाने एमएक्स-५ मध्ये कारखान्यातूनच कॉइलओव्हर येतात. बाजारात या नावाने जे विकले जाते त्यात शॉक अॅब्सॉर्बरच्या नळीवर आटे पाडलेले असतात. त्यावरची चकती फिरवून गाडीची उंची बदलता येते. बहुतेक संचांत डॅम्पिंग कमी-जास्त करण्याचे बटणही असते. उंची बदलणे ही त्यातली सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

महत्त्वाचा आहे तो स्प्रिंगचा कडकपणा. जपानी पद्धतीत तो 'किलो प्रति मिलिमीटर' असा सांगतात. १० किलोची स्प्रिंग म्हणजे एक मिलिमीटर दाबण्यास १० किलोचा भार लागणारी. परंतु स्प्रिंग थेट चाकावर बसत नाही. एमएक्स-५ मध्ये ती विशबोन दांड्यावर, चाकापासून काहीशी आत असते. तरफेच्या नियमानुसार चाक १० मिलिमीटर वर गेले तर स्प्रिंग समजा ७ मिलिमीटर दाबली जाते. हे प्रमाण ०.७ धरले, तर चाकाला जाणवणारा कडकपणा त्याच्या वर्गाच्या पटीत, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येतो. याउलट पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या टोयोटा ८६ सारख्या गाडीत स्प्रिंग आणि चाक जवळजवळ बरोबरीने हलतात. म्हणूनच 'मित्राच्या गाडीत ८ किलोच्या स्प्रिंगा आहेत, मलाही त्याच द्या' हा हट्ट निरर्थक ठरतो.

आता थोडा हिशेब. एमएक्स-५ च्या पुढच्या एका चाकावर तोललेले वजन सुमारे २२० किलो धरले आणि १० किलोची स्प्रिंग बसवली, तर गाडीचा तो कोपरा सेकंदाला जवळजवळ २.४ वेळा वर-खाली होऊ पाहतो. ६ किलोच्या स्प्रिंगने हाच आकडा १.८ च्या आसपास येतो. साध्या कुटुंबाच्या गाड्या एक ते दीड, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार दीड ते दोन आणि शर्यतीच्या गाड्या दोनच्या वर, असा ढोबळ अंदाज अभियंते देतात. म्हणजे १० किलोच्या स्प्रिंगा घेणारा माणूस रोज ऑफिसला शर्यतीची गाडी घेऊन जाणार असतो. गुळगुळीत ट्रॅकवर ते शोभते. खडबडीत रस्त्यावर मात्र एवढे कडक चाक खड्ड्याचा पाठपुरावा न करता उड्या मारते, आणि जमीन सोडलेल्या टायरला पकड नसते. कडक गाडी नेहमी अधिक पकड देते, हा समज डांबर किती चांगले आहे यावर टिकून आहे.

स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा शोषण्याचे काम शॉक अॅब्सॉर्बरचे. स्प्रिंग जितकी कडक, तितका तो प्रसरणाच्या वेळी, म्हणजे 'रिबाउंड'ला, समर्थ हवा. येथेच स्वस्त संच उघडे पडतात. बटणाला ३० घरे आहेत म्हणून हरखून जाण्यात अर्थ नाही. त्यातली शेवटची दहा-बारा घरेच काही बदल घडवत असतील, तर उरलेली केवळ टिकटिक ऐकण्यासाठी. चांगला उत्पादक वेग आणि बल यांचा चाचणीयंत्रावर काढलेला आलेख देतो. तो मागावा. तो मिळत नसेल तर बटणांची संख्या विसरावी. एकच बटण असलेल्या संचांत ते बहुधा मुख्यतः रिबाउंड बदलते. ते फार आवळले तर एका खड्ड्यानंतर चाक पूर्ववत खाली येण्याआधीच दुसरा खड्डा येतो आणि गाडी हळूहळू स्वतःच्या स्प्रिंगांवर बसत जाते. चालकाला वाटते गाडी 'कडक' झाली. प्रत्यक्षात तिची चालच संपलेली असते.

ही चाल, म्हणजे चाकाला वर जाण्यासाठी असलेली जागा, हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. शॉक अॅब्सॉर्बरच्या दांड्यावर बंप स्टॉप नावाचा रबरी किंवा फोमचा ठोकळा असतो. समजा, गाडी स्थिर असताना त्याच्यापर्यंत ५० मिलिमीटर जागा आहे आणि मालकाने गाडी ४० मिलिमीटर खाली आणली. उरले १०. वळणावर गाडी झुकताच बाहेरचे चाक ठोकळ्याला टेकते आणि त्या टोकाचा कडकपणा एका क्षणात कित्येक पट होतो. हे मागच्या बाजूला, ओल्या रस्त्यावर, वळणाच्या मध्यावर घडले तर मागची ताकद असलेली हलकी गाडी गर्रकन फिरते. गाडी 'विश्वासघातकी' असल्याची तक्रार होते तेव्हा दोष अनेकदा या दहा मिलिमीटरचा असतो.

मॅकफर्सन गाड्यांत याला आणखी एक पदर आहे. गाडी खाली आणली की खालचा दांडा बाहेरच्या टोकाला वर उचलला जातो. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली सरकतो. परिणामी गाडी खाली आणूनही झुकण्याची प्रवृत्ती वाढते आणि ती दाबण्यासाठी आणखी कडक स्प्रिंग लागते. साधारण २० ते २५ मिलिमीटरवर थांबावे, असे या प्रतिनिधीचे मत आहे.

काही संचांत उंची बदलण्याचा एकच मार्ग असतो : स्प्रिंगखालची चकती. ती खाली घेतली की वरची चाल तेवढीच घटते. दुसऱ्या प्रकारात नळीचा खालचा भागही आट्यांवर असतो, त्यामुळे शॉक अॅब्सॉर्बरची एकूण लांबी कमी होते आणि त्याची आतली चाल शाबूत राहते. हा प्रकार महाग, पण निवडण्याजोगा. स्प्रिंग आधीच दाबून बसवली म्हणजे कडक होते, हा गॅरेजमधला लाडका समज मात्र चुकीचा आहे. गाडीचे वजन स्प्रिंगवर आले की पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला तितकेच किलो लागतात.

थंड प्रदेशांत रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. त्याने साध्या लोखंडी नळीवरचे आटे दोन-तीन हिवाळ्यांत जाम होतात, आणि मग 'उंची बदलता येणारा' संच केवळ नावापुरता उरतो. स्टेनलेस स्टीलच्या नळ्या यासाठीच. सुटे भाग बदलून संच पुन्हा बांधून मिळतो का, आणि ते काम आपल्याच देशात होते का, हेही विचारून घ्यावे. वरच्या टोकाला रबराऐवजी धातूचा गोलक सांधा असेल तर सुकाणू नेमके होते, पण प्रत्येक खड्डा केबिनमध्ये ऐकू येतो.

कायदाही देशागणिक वेगळा. जर्मनीत तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र असलेले संच घेऊन बदलाची रीतसर नोंद करावी लागते. ब्रिटनमध्ये विमा कंपनीला कळवले नाही तर दावा फेटाळला जाण्याची शक्यता असते. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद केली. आपल्याकडच्या गतिरोधकांचा प्रश्न त्यानंतरचा.

जुनी गाडी घेणाऱ्याने पैसे आधी टायर आणि दांड्यांच्या सांध्यांतील रबरी बुशवर खर्च करावेत. वीस-पंचवीस वर्षांचे रबर फाटलेले असताना नवा संच बसवला तर त्याचा गुण दिसत नाही. संच बसवताना बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळू नयेत. चाके जमिनीवर, गाडी तिच्या अंतिम उंचीवर असतानाच आवळावेत, अन्यथा रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांतच फाटते. चाकांचे अलाइनमेंट उंची ठरल्यानंतर करावे. काहीशे किलोमीटर चालल्यावर नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात. तेव्हा उंची मोजून ते पुन्हा तपासून घ्यावे.